डब्ल्यूएचओ-५ प्रश्नावली शाळाभर वापरली: एका शैक्षणिक वर्षानंतरचा अनुभव

मुलांच्या मनःस्वास्थ्याची माहिती गोळा करून शाळा सुधारता येते का? वर्षभर हे काम सांभाळल्यावर माझं उत्तर ‘हो’ आहे, पण त्याला एक अट आहे. आलेले आकडे घेऊन पुन्हा मुलांसमोर बसायची तयारी नसेल, तर प्रश्नावली वाटूच नये. कुठे विचारायचं एवढं आकडा सांगतो. काय बिघडलंय ते मुलंच सांगतात.

आधी साधनाबद्दल. डब्ल्यूएचओ-५ ही जागतिक आरोग्य संघटनेची पाच विधानांची प्रश्नावली, १९९८ सालची. गेल्या दोन आठवड्यांत मन प्रसन्न होतं का, शांत वाटलं का, अंगात उत्साह होता का, सकाळी उठल्यावर ताजंतवानं वाटलं का आणि रोजच्या दिवसात मन रमेल असं काही होतं का, एवढंच त्यात आहे. प्रत्येक विधानाला ० ते ५ गुण. बेरजेला ४ ने गुणलं की ० ते १०० मधला आकडा मिळतो. तो ५० च्या खाली गेला, तर त्या व्यक्तीची अधिक विचारपूस व्हायला हवी असा संकेत मानतात. ते निदान नव्हे, हे आम्ही शिक्षकांना आणि पालकांना पुन्हा पुन्हा सांगितलं. पाचही विधानं चांगल्या बाजूनं मांडलेली आहेत, ही मला या साधनाची सगळ्यात मोठी जमेची बाजू वाटते. प्रश्नावली भरताना मुलं दबून गेली नाहीत, आणि पालकसभेतही फारसा विरोध झाला नाही.

निवड करताना इतर पर्यायही पाहिले. रॉबर्ट गुडमन यांची १९९७ सालची, मुलांची बलस्थानं आणि अडचणी पाहणारी ‘एसडीक्यू’ प्रश्नावली २५ विधानांची आहे. तिची पालक आणि शिक्षकांसाठी वेगळी आवृत्ती आहे, ११ वर्षांपुढच्या मुलांनी स्वतः भरायचीही आहे. एखाद्या मुलाच्या अडचणी समजून घ्यायला ती उत्तम, पण संपूर्ण शाळेचा कल पाहायला मला ती जड वाटली. मनःस्वास्थ्य मोजणारी वॉरिक-एडिनबरा मापनश्रेणी १४ विधानांची आहे, तिची ७ विधानांची छोटी आवृत्तीही मिळते, मात्र वापरण्यासाठी परवाना घ्यावा लागतो. आम्हाला मधल्या सुट्टीआधीच्या काही मिनिटांत उरकणारं काहीतरी हवं होतं.

पाच विधानांच्या जोडीला आमचे दोन प्रश्न घातले. अडचण आली तर जिच्याकडे जाता येईल अशी एकतरी मोठी व्यक्ती शाळेत आहे का? आणि शाळेतली कोणती जागा नकोशी वाटते? वर्षाअखेरीस मागे वळून पाहिलं, तर सर्वात जास्त कामाला आला तो हा दुसरा प्रश्न.

सगळ्यात कठीण भाग नावाचा होता. नाव घातलं की मुलं जपून लिहितात, वर्गशिक्षक पाठीमागे उभे असले तर आणखीच. नाव नसेल, तर खाली गेलेला आकडा कोणाचा हे कळत नाही आणि मदतीची गरज असलेलं मूल गर्दीत हरवतं. आम्ही काढलेला मार्ग असा: प्रश्नावलीवर फक्त इयत्ता. सोबत एक वेगळी चिठ्ठी, तिच्यावर नाव आणि दोनच पर्याय, ‘मला कोणाशी तरी बोलायचं आहे’ किंवा ‘सध्या नको’. चिठ्ठी प्रत्येकानं घडी करून पेटीत टाकायची, म्हणजे कोणी वेगळं उठून दिसत नाही. पेटी त्याच दिवशी फक्त समुपदेशक उघडणार. तिथे सांगितलेलं गुप्त राहील, पण जिवाला धोका दिसला तर गुप्तता मोडावी लागेल, हे भरण्याआधीच मुलांना स्पष्ट सांगितलेलं. भरून घ्यायला त्या वर्गाला न शिकवणारे शिक्षक पाठवले.

चिठ्ठीवर ‘बोलायचं आहे’ असं लिहिणारी काही मुलं अशी होती, ज्यांच्याबद्दल कोणालाच शंका आली नव्हती. चांगले गुण, नियमित हजेरी, कधीही तक्रार नाही. म्हणूनच ठामपणे सांगते: चिठ्ठी टाकणाऱ्या मुलाशी त्याच आठवड्यात बसून बोलणारी प्रशिक्षित व्यक्ती शाळेकडे नसेल, तर हा उपक्रम सुरू करू नका. मुलानं धीर करून लिहावं आणि त्याला कोणी बोलावूच नये, हे न विचारण्यापेक्षा वाईट आहे.

आता निकालाच्या वाचनाकडे. पहिल्या फेरीचे आकडे येताच तुकड्यांची तुलना सुरू झाली. ‘अ’ तुकडी वर, ‘ब’ खाली, म्हणजे वर्गशिक्षक कमी पडतात का, अशी कुजबुज. इथे थोडं गणित उपयोगी पडलं. मुलांच्या गुणांचं प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीपासून साधारण किती दूर पसरलेत ते, २० च्या आसपास धरलं आणि तुकडीत ३० मुलं असली, तर तुकडीची सरासरी निव्वळ योगायोगानंही ७ गुणांपर्यंत वरखाली होऊ शकते. दोन तुकड्यांमध्ये ४-५ गुणांचा फरक दिसला, तर त्यावरून कोणाला बोल लावण्यात अर्थ नाही. मुख्याध्यापकांनी तिथेच नियम केला की निकाल फक्त इयत्तावार पाहायचे, १० पेक्षा कमी उत्तरं असलेल्या गटाचा आकडा दाखवायचाच नाही आणि शिक्षकांच्या मूल्यमापनात हे कधीही येणार नाही. हा नियम नसता तर दुसऱ्या फेरीपासून शिक्षकांनी मुलांना ‘नीट भरा रे’ म्हणायला सुरुवात केली असती, आणि मग त्या आकड्यांना काही किंमत उरली नसती.

वरच्या इयत्तांचे आकडे खालच्यांपेक्षा कमी आले, तेव्हाही घाबरायच्या आधी बाहेर पाहायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्यानं दर चार वर्षांनी अनेक देशांत ११, १३ आणि १५ वर्षांच्या मुलांची पाहणी होते. जीवनाबद्दलचं समाधान या वयात वाढत्या वयासोबत कमी होतं, आणि मुलींमध्ये ते अधिक कमी होतं, हे तिथे वारंवार दिसलं आहे. त्यामुळे घसरण दिसली म्हणजे शाळेचाच दोष असं नाही. आपल्या हातात काय आहे, हा प्रश्न मात्र उरतोच.

त्याचं उत्तर सरासरीत सापडत नाही. पाच विधानं सुटी करून पाहा, हा माझा सर्वात कळकळीचा सल्ला. मोठ्या मुलांमध्ये ‘ताजंतवानं उठलो’ हे विधान इतर चारांपेक्षा बरंच खाली होतं, आणि बेरजेत ते लपून गेलं होतं. किशोरवयात झोपेचं घड्याळ पुढे सरकतं, हे माहीत होतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं २०१४ साली या वयाच्या शाळा सकाळी साडेआठच्या आधी भरवू नयेत अशी शिफारस केली होती. आमची पहिली घंटा वाहतुकीशी बांधलेली, ती हलवता आली नाही. पण मुलांशी बोलल्यावर दुसरंच काही पुढे आलं. प्रत्येक विषयाचे शिक्षक आपापला प्रकल्प देत होते, आणि सगळ्यांच्या जमा करायच्या तारखा एकाच आठवड्यात येत होत्या. एकाही शिक्षकाला दुसऱ्याची तारीख माहीत नव्हती. आता स्टाफरूममध्ये एकच सामायिक तक्ता लावला आहे, आणि एका आठवड्यात ठरावीक संख्येहून जास्त प्रकल्प जमा करून घेत नाहीत.

मधल्या इयत्तांत ‘मन रमेल असं काही होतं’ हे विधान खाली होतं. आमच्या बैठकीत सगळ्यांचा रोख मोबाइलकडे गेला. मुलांचे छोटे गट बसवून विचारलं तर त्यांनी वेळापत्रकाकडे बोट दाखवलं. खेळाचा आणि ग्रंथालयाचा तास कागदावर होता, पण परीक्षा जवळ आली की अभ्यासक्रम पुरा करायला कोणीतरी विषयशिक्षक तो मागून घ्यायचे. मुलं त्या तासाची आठवडाभर वाट पाहत आणि तो ऐनवेळी जाई. हे ऐकताना मला खरोखर वाईट वाटलं. आता हे दोन तास कोणालाही देता येत नाहीत. त्याला स्टाफरूममध्ये विरोध झाला, अजूनही कुरबुर आहे, आणि अभ्यासक्रमाचा ताण खरा आहे हे मला मान्य आहे. तरीही हा नियम मोडू नये असंच माझं मत आहे.

नकोशा जागांच्या प्रश्नाला अनेक इयत्तांतून एकच उत्तर आलं: मागचा जिना आणि त्याच्या टोकाशी असलेली स्वच्छतागृहं. तिथे मोठी मुलं लहानांना अडवत. मुलं दिवसभर पाणी कमी पितात, म्हणजे तिथे जावं लागू नये, हे एका मुलीनं गटात सांगितलं. मधल्या सुट्टीत तिथे शिक्षकांची पाळी लावली, दिवे दुरुस्त केले, तुटलेल्या कड्या बदलल्या. पुढच्या फेरीत त्या जागेचं नाव जवळजवळ आलंच नाही. याला कुठलंही मोठं धोरण लागलं नाही.

मर्यादाही सांगायला हव्यात. गैरहजर मुलांची उत्तरं सहज सुटतात, आणि वारंवार गैरहजर राहणाऱ्यांचंच ऐकणं सर्वात गरजेचं असतं. म्हणून प्रत्येक फेरीनंतर त्यांच्यासाठी पुन्हा एक बैठक ठेवावी लागते. सुरुवातीला दर महिन्याला भरून घेतलं तेव्हा मुलं कंटाळून एका ओळीत खुणा करू लागली. सत्रातून एकदा पुरतं. प्रश्न गेल्या दोन आठवड्यांबद्दल असल्यानं परीक्षेच्या तोंडावर घेतलं तर परीक्षेचाच ताण मोजला जातो. फेरीचा आठवडा दरवर्षी तोच हवा, कारण जूनची तुलना मार्चशी करून काहीच कळत नाही. या वर्षी आकडे थोडे सुधारलेले दिसतात, पण ते आमच्या बदलांमुळेच, असं मी म्हणणार नाही. पुढच्या वर्षीची तीच फेरी झाल्यावर पाहू.

दरम्यान शिक्षकांनीच विचारलं आहे की ही पाच विधानं आम्हाला का देत नाही. प्रश्नावली प्रौढांनाही चालते, त्यामुळे पुढच्या सत्रात तेही करायचं ठरलं आहे. त्यांचे निकाल कोणी पाहायचे, यावर अजून एकमत झालेलं नाही.