रिकामी खुर्ची आणि बाबांचा मफलर
बाबा गेल्यापासून मला रडूच येत नव्हतं, म्हणून मैत्रिणीने कोथरूडला एका ड्रामा थेरपी, म्हणजे नाटकातून मनावर उपचार करणाऱ्या, ग्रुपला नेलं. अ‍ॅक्टिंग यायला लागत नाही हं. पाचव्या सेशनला समोर रिकामी खुर्ची ठेवली, मी त्यावर बाबांचा मफलर टाकला आणि म्हटलं 'न सांगता गेलात', मग थेरपिस्ट ताईंनी मलाच त्या खुर्चीत बसवून बाबा म्हणून उत्तर द्यायला लावलं आणि तोंडून आलं, 'अगं वेडे, जेवलीस का?' तिथेच बांध फुटला. ही भूमिका बदलायची पद्धत जेकब मोरेनो या डॉक्टरांच्या सायकोड्रामातली, म्हणजे मनातले प्रसंग अभिनयातून मांडायच्या उपचारातली. नंतर सगळे गोल बसून बोलतात, भूमिकेतून नीट बाहेर काढतात, ते फार गरजेचं. भिंती मात्र पातळ आहेत, शेजारच्या क्लासचा तबला ऐकू येतो. औषधं चालू असतील तर बंद करू नका, ताईसुद्धा हेच सांगतात.