पूर्व टोकियोतला एक दिवस: कासाई, शिबामाता की फुकागावा?

टोकियोतली शिबुया, आसाकुसा, उएनो ही ठरलेली ठिकाणं पाहून झाली आहेत, एक दिवस मोकळा आहे आणि मुक्काम निशि-कासाईला मुलाकडे किंवा भाचीकडे आहे. बऱ्याच मराठी घरांत आता हा प्रसंग येतो. २००० सालच्या आसपास 'वायटूके'च्या, म्हणजे साल बदलताना संगणक अडू नयेत म्हणून निघालेल्या, कामासाठी आलेले भारतीय इंजिनिअर एदोगावा वॉर्डाच्या या कोपऱ्यात राहू लागले. तोझाई लाइनने ओतेमाचीची ऑफिसं थेट गाठता येतात म्हणून इथेच रमले, आणि मागोमाग किराणा, खाणावळी, शाळा सगळं आलं. मूळचे महाराष्ट्रातले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये याच वॉर्डाच्या सभेवर निवडून आले. तरीही पाहुण्यांना फिरवायचं म्हटलं की घरोघरी दोनच नावं निघतात: डिस्नी आणि फुजी. दोन्ही खर्चिक, दोन्हीकडे गर्दी, आणि फुजी ढगात असला तर दिसतही नाही.

सुमिदा आणि एदोगावा या नद्यांच्या मधला सखल पट्टा मला टोकियोचा सगळ्यात आपुलकीचा भाग वाटतो. सकाळी आरामात निघून दिवेलागणीला घरी येता येईल अशा तीन सहली इथे आहेत. दक्षिणेला समुद्रकाठचं कासाई, उत्तरेला कात्सुशिका वॉर्डातलं शिबामाता आणि पश्चिमेला कोतो वॉर्डातलं फुकागावा. तिन्हींचा स्वभाव इतका वेगळा आहे की 'सगळ्यात चांगलं कोणतं' या प्रश्नापेक्षा बरोबर कोण आहे, हवा कशी आहे आणि वार कोणता आहे हे आधी पाहावं.

बरोबर लहान मुलं असतील तर

मग फारसा विचार करू नका, कासाई-रिंकाई पार्कला जा. डिस्नीच्या माइहामा स्टेशनच्या अलीकडचंच हे स्टेशन आहे, त्यामुळे असंख्य लोक गाडीच्या खिडकीतून त्याचा मोठा आकाशपाळणा पाहतात आणि पुढे निघून जातात. केइयो लाइनच्या रॅपिड गाड्या इथे थांबत नाहीत, लोकलच पकडावी लागते. टोकियो स्टेशनात केइयोचा फलाट फार आत आहे. बदलायला पंधरा मिनिटं हाताशी असू द्या. निशि-कासाईत राहणाऱ्यांना मात्र तोएईची (टोकियोची सरकारी) बसच सोयीची.

१९८९ मध्ये उघडलेलं हे पार्क भरावाच्या जमिनीवर आहे. या उथळ समुद्रात पूर्वी नोरी पिकवत, सुशीला गुंडाळतात ते समुद्री शेवाळ. १९६०च्या दशकात मासेमारी संपली, भराव पडले, आणि नंतर इथला किनारा माणसांनी पुन्हा घडवला. आता दोन चौपाट्या आहेत. पश्चिमेची लोकांसाठी, पूर्वेची फक्त पक्ष्यांसाठी. तिथे पाऊल टाकायला परवानगी नाही. २०१८ मध्ये या किनाऱ्याची रामसार यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, नोंद झाली, टोकियोतली अशी ही पहिलीच पाणथळ जागा. हिवाळ्यात सुझुगामो बदकांचे थवेच्या थवे पाण्यावर बसलेले असतात. दुर्बीण असेल तर न विसरता न्या.

पार्कातल्या मत्स्यालयाचं तिकीट मोठ्यांना ७०० येन, पासष्टीच्या वर निम्मं, आणि प्राथमिक शाळेपर्यंतच्या मुलांना काहीच नाही. चौघांच्या कुटुंबाचं १४०० येनमध्ये भागतं. टोकियोत याहून स्वस्त आणि इतका चांगला दिवस मला तरी माहीत नाही. वास्तुरचना तानिगुची योशिओ यांची. समुद्राकडे तोंड करून उभ्या काचेच्या घुमटातून आत शिरायचं आणि खाली खाली पाण्याखालच्या जगात उतरायचं. तिथे २,२०० टन पाण्याच्या टाकीत ट्यूना मासे गोल गोल पोहत असतात, एक क्षणही न थांबता. थांबले तर त्यांचा श्वासच बंद पडतो. २०१४-१५च्या हिवाळ्यात या टाकीत मरतूक होऊन एकच ट्यूना उरला होता. पुढे नवे मासे आणून टाकी पुन्हा भरली. मुलं इथून हलायला तयार होत नाहीत, त्यामुळे पुढचं वेळापत्रक सैल ठेवा. आकाशपाळणा ११७ मीटर उंच आहे आणि एका फेरीला १७ मिनिटं लागतात. हिवाळ्यातल्या स्वच्छ सकाळी त्यातून फुजी दिसतो.

कासाईचा वैरी म्हणजे वारा. पार्क उघड्यावर आहे, चौपाटीवर सावली जवळजवळ नाही, आणि वाऱ्याने केइयो लाइनही अधूनमधून बंद पडते. हवा बिघडली तर बेत रद्द करण्याची गरज नाही. कासाई स्टेशनजवळ रुळांच्या खालीच भुयारी रेल्वेचं संग्रहालय आहे, मोठ्यांना २२० आणि मुलांना १०० येन. १९२७ मध्ये उएनो ते आसाकुसा धावलेल्या पहिल्या भुयारी गाडीचा पिवळा डबा तिथे आहे आणि गाडी चालवून बघायची यंत्रंही आहेत. अगदी लहान मूल असेल तर निशि-कासाईच्या ग्योसेन पार्कातलं प्राणिसंग्रहालय पुरेसं आहे. ते छोटं आहे, फुकट आहे आणि लागूनच जपानी बाग आहे.

आईबाबा आले असतील तर

माझं मत स्पष्ट आहे: एकच दिवस असेल आणि सगळी मोठी माणसं असतील, तर शिबामाता.

जाण्यापासूनच मजा आहे. निशि-कासाईहून तोझाई लाइनने निहोनबाशी, तिथून आसाकुसा लाइनची केइसेई मार्गावर पुढे जाणारी गाडी धरून ताकासागो, आणि तिथे केइसेईच्या कानामाची लाइनवर बदलायचं. ही लाइन सगळी मिळून अडीच किलोमीटरची आणि तीन स्टेशनांची, शिबामाता मधलं. १८९९ मध्ये ती सुरू झाली तेव्हा रुळांवरचे छोटे डबे माणसं ढकलत नेत असत, देवळाला जाणारे भाविक त्यात बसत. घरापासून तासभर धरा.

स्टेशनबाहेर पडताच हॅट घातलेला, हातात पेटी घेतलेला टोरा-सानचा पुतळा दिसतो. १९६९ पासून १९९५ पर्यंत या एका भटक्या फेरीवाल्यावर ४८ चित्रपट निघाले, नट तेच आत्सुमी कियोशी, आणि प्रत्येक वेळी तो फिरून फिरून शिबामातालाच परत यायचा. त्यामुळे जपानी माणसांना हे गाव न पाहताही ओळखीचं असतं. आपण चित्रपट पाहिलेला नसला तरी काही बिघडत नाही. पुढे सुमारे दोनशे मीटरची दुकानांची गल्ली लागते: लाकडी दर्शनी भाग, निखाऱ्यांवर भाजलेल्या सेंबेईचा (तांदळाच्या कुरकुरीत चकत्यांचा) वास, हिरवे कुसा-दांगो (तांदळाच्या पिठाचे गोळे). २०१८ मध्ये हा परिसर राष्ट्रीय पातळीवरचा महत्त्वाचा सांस्कृतिक भूप्रदेश ठरला.

गल्लीच्या टोकाला १६२९ मध्ये स्थापन झालेलं दाइक्योजी मंदिर, सगळे त्याला ताइशाकुतेन म्हणतात. ताइशाकुतेन म्हणजे आपला इंद्र, बौद्ध परंपरेतला शक्र. आपल्याकडे इंद्राची पूजा उरली नाही, आणि इथे दर साठ दिवसांनी येणाऱ्या कोशिनच्या दिवशी त्याच्या दर्शनाला माणसं जमतात. हरवलेली त्याची प्रतिमा १७७९ मध्ये अशाच दिवशी पुन्हा सापडली, असं मंदिराचं सांगणं आहे. आईबाबांना हे आधी सांगून ठेवा. हात जोडताना समोर कोण आहे हे माहीत असलं की देऊळ परकं वाटत नाही.

देवळाच्या मागच्या बाजूला जे आहे त्यासाठी मी पुन्हा पुन्हा इथे येते. सभामंडपाच्या बाहेरच्या भिंतींवर केयाकी लाकडाच्या जाड फळ्यांवर सद्धर्मपुंडरीक सूत्रातल्या कथा कोरल्या आहेत. असे दहा पट, प्रत्येक पटाचा कारागीर वेगळा. काम १९२२ मध्ये सुरू झालं, पुढच्याच वर्षी टोकियोचा मोठा भूकंप झाला, आणि ते पुरं व्हायला १९३४ उजाडलं. आता सगळं काचेच्या आवरणात आहे. एकाच फळीत इतक्या खोलवर कोरलंय की पुढच्या माणसाच्या मागे झाड, झाडामागे ढग, ढगामागे आणखी कुणी असं दिसत जातं. देवळाच्या बागेसकट तिकीट ४०० येन, आणि चारच्या आत जायला हवं. बूट काढावे लागतात, पायऱ्या आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी घाई करू नये.

बागेपासून जवळच यामामोतो-तेई आहे, ताइशो काळातल्या (१९१२-२६) एका उद्योजकाचं घर. १०० येन देऊन आत जायचं, तातामीच्या चटयांवर बसून बागेकडे बघत माच्चा, म्हणजे हिरवा चहा, प्यायचा. तिथून नदीचा बंधारा चढला की यागिरी नो वाताशी, नदी ओलांडून नेणारी, टोकियोत उरलेली हातवल्ह्याची एकमेव होडी. नावाडी माणसांना पलीकडच्या मात्सुदोला नेऊन सोडतो, एका बाजूचे २०० येन. वारा-पाऊस असला तर होडी सुटत नाही आणि हिवाळ्यात ती सुट्टीच्या दिवसांपुरतीच असते. म्हणून एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबरमधला दिवस निवडा.

उणी बाजू दोन. पाचच्या सुमाराला गल्ली आवरू लागते, त्यामुळे उशिरा निघणाऱ्या कुटुंबाला निम्मंच शिबामाता मिळतं. आणि लहान मुलं इथे दोन तासांत कंटाळतात.

पाऊस असेल किंवा अर्धाच दिवस असेल तर

फुकागावा निशि-कासाईहून सगळ्यात जवळ. तोझाई लाइनने मोनझेन-नाकाचो हे चौथं स्टेशन. (परतताना रॅपिड पकडू नका, ती निशि-कासाई आणि कासाईला थांबत नाही.) स्टेशनपासून थोडंसं चाललं की फुकागावा फुदो-दो. तिथे दिवसातून अनेकदा गोमा होतो, म्हणजे होम: मोठे ढोल, वर चढत जाणाऱ्या ज्वाळा, भिक्षूंचं एका सुरातलं पठण. बसायला पैसे पडत नाहीत. फोटो मात्र काढू नयेत. नव्या सभागृहाच्या बाहेरच्या भिंती सिद्धम् लिपीतल्या मंत्राक्षरांनी भरलेल्या आहेत. ही लिपी देवनागरीची नातलग असल्यामुळे काही अक्षरं आपल्याला ओळखीची वाटतात. शेजारचं तोमिओका हाचिमान हे सुमोच्या इतिहासातलं मोठं नाव: १६८४ पासून इथल्या आवारात देणग्यांसाठी कुस्त्या होत, आणि योकोझुना, म्हणजे सर्वोच्च दर्जाच्या, मल्लांची नावं कोरलेली शिळा आजही पाहता येते. दर तीन वर्षांनी ऑगस्टच्या मध्यावर मोठी जत्रा भरते, तेव्हा पालख्या वाहणाऱ्यांवर बादल्यांनी पाणी ओततात.

ओएदो लाइनने एक स्टेशन पुढे कियोसुमी-शिराकावा. पाऊस असेल तर फुकागावा एदो संग्रहालयात (४०० येन) शिरा. १८४०च्या आसपासची एक वस्ती छपराखाली खरीखुरी उभी केली आहे. बूट काढून घरांत चढता येतं आणि प्रकाश बदलत सकाळची रात्र होते. ऊन असेल तर कियोसुमी बाग (१५० येन), तळ्याच्या कडेने दगडांवरून चालायची. सगळं मिळून चार-पाच तास. छान आहे, पण शिबामातासारखं मनात घर करून राहत नाही.

जेवणाचं काय

मासे खाणाऱ्यांना फुकागावा. फुकागावा-मेशी म्हणजे तिसऱ्यांसारख्या असारी शिंपल्यांचा भात, कोकणातल्या माणसाला पहिल्याच घासाला आवडेल असा. शिबामातात उनागी (वाम मासा) आहे. महाग आहे, पण चांगला आहे. शाकाहारी माणसांची अडचण सगळीकडे एकच, डाशी, म्हणजे जपानी स्वयंपाकातलं चवीचं मूळ पाणी. सोबा शेवयांच्या रश्श्यात, तेंपुरा भज्यांबरोबरच्या पातळ सॉसमध्ये कात्सुओ माशाचा अर्क असतोच, वर तुकडा दिसो न दिसो. शिबामाताचे दांगो आणि अझुकी (लाल चवळीसारखं कडधान्य) घातलेलं गोड सारण बिनधास्त खा, बाकी डबा न्या. कासाई-रिंकाईच्या हिरवळीवर डबा उघडून बसायला उत्तम जागा आहे. आणि संध्याकाळी निशि-कासाईत उतरल्यावर गरम वरणभाताची सोय घरी नाही तर कोपऱ्यावर होतेच.

दोन ठिकाणं एकाच दिवशी?

नकाशावर कासाई आणि शिबामाता सरळ रेषेत वर-खाली दिसतात, आणि सगळ्यांना हा मोह होतो. पण एदोगावा वॉर्डातल्या रेल्वे पूर्व-पश्चिम धावतात; उत्तर-दक्षिण जायला बसच. कासाईहून 'शटल सेव्हन' बस कोइवाला जाते, तिथून कानामाचीची बस ताइशाकुतेनवरून जाते. रस्त्याची गर्दी धरून दीड तास मोडतो आणि वयस्कर माणूस तिथे पोहोचेपर्यंतच थकतो. फुकागावा आणि ग्योसेन पार्क मात्र एका दिवसात सहज होतात, एकाच लाइनवर आहेत.

वाराचं पाहा. मत्स्यालय बुधवारी बंद. भुयारी रेल्वेचं संग्रहालय आणि ग्योसेनचं प्राणिसंग्रहालय सोमवारी बंद, एदो संग्रहालय दुसऱ्या आणि चौथ्या सोमवारी. यामामोतो-तेई आणि टोरा-सानचं संग्रहालय महिन्यातल्या तिसऱ्या मंगळवारी बंद. त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी आली की बंदचा दिवस बहुधा एक दिवस पुढे सरकतो. शिबामाता करायचंच ठरलं असेल तर आठवड्याच्या मधला दिवस धरा, दहाच्या आत पोहोचा, आधी कोरीवकाम पाहा, मग होडी, आणि दांगो शेवटी.