डीईएफ हीटरचा कोड आला: मीटर, स्कॅनर की सरळ नवं युनिट?

बऱ्याच बीएस-६ डिझेल गाड्यांत धूर स्वच्छ करायला डीईएफ, म्हणजे युरियाचं द्रावण, वापरतात आणि तो गोठू नये म्हणून हीटर असतो. अशा गाडीत इंजिनाचा दिवा लागतो, स्कॅनरवर पी२०बी९ हा बिघाडाचा कोड येतो आणि गॅरेजवाला म्हणतो, "युरियाच्या टाकीतलं युनिट गेलंय, बदलावं लागेल." लगेच हो म्हणू नका. हीटरचं सर्किट तुटल्यासारखं दिसतंय, एवढंच हा कोड सांगतो. बिघाड हीटरमध्ये आहे, वायरीत, कपलरमध्ये की फ्यूज-रिलेत, हे शोधायचं काम बाकीच असतं. शिवाय बऱ्याच गाड्यांत हीटर, लेव्हल सेन्सर आणि तापमानाचा सेन्सर एकाच युनिटमध्ये येतात, त्यामुळे चुकीचा अंदाज फार महागात पडतो.

मल्टिमीटरचा रस्ता सगळ्यात स्वस्त. कपलर (वायरींचा जोड) काढायचा, हीटरच्या दोन पिनांमध्ये ओहम बघायचे. मोजके ओहम आले तर हीटर बहुधा शाबूत, 'ओएल' (मीटरच्या मापाबाहेर) आलं तर आतून तुटलेला. कपलर नीट न्याहाळा. गळलेला युरिया आत शिरून पांढरे खडे धरतो आणि तांबं खातो. पण मीटरची एक मर्यादा आहे. मोजताना तो अगदी थोडा करंट सोडतो, त्यामुळे वायरीचा एकच तंतू उरला असला तरी वायर चांगलीच दिसते. हीटरचा खरा करंट गेला की तिथेच व्होल्टेज पडतं.

इथे स्कॅनर लागतो. डीईएफ उणे ११ अंशांना गोठतो, म्हणजे पुण्या-नागपुरात हीटर चालू व्हायची वेळच येत नाही. ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, सर्किट मात्र तपासत राहतो, म्हणून कोड उन्हाळ्यातही येतो. अशा वेळी कपलरवर व्होल्टेज शून्य दिसलं म्हणून रिलेला दोष देणं चूक. ॲक्ट्युएटर टेस्ट करणाऱ्या स्कॅनरने हीटर मुद्दाम चालू करायचा आणि वायरीभोवती चिमटा लावून मोजणाऱ्या डीसी क्लॅम्प मीटरने करंट बघायचा. नुसता कोड वाचणारं स्वस्त ब्लूटूथ यंत्र इथे कामाचं नाही.

माझं मत स्पष्ट आहे: कारसाठी आधी कपलर आणि मीटर, मग एकदा चांगल्या स्कॅनरचे पैसे, युनिट शेवटी.

ट्रकचं गणित वेगळं. बऱ्याच ट्रकमध्ये टाकी इंजिनाच्या कूलंटने तापते आणि फक्त नळ्यांना विजेचे हीटर असतात. ट्रकच्या कोडमध्ये एसपीएन हा आकडा बिघाड कुठे ते सांगतो आणि एफएमआय बिघाड कसला ते. एसपीएन ४३५४ आला तर नळीचा हीटर बघा; सोबत एफएमआय ५ असेल तर करंट कमी, ६ असेल तर जास्त. टाकीकडे मात्र ओहम मोजून उपयोग नाही, कूलंटच्या नळीला जपून हात लावून बघा. गरज नसताना ती गरम लागली तर कूलंटचा व्हॉल्व्ह उघडा अडकलाय. विदर्भाच्या मे महिन्यात हा बिघाड हीटर बंद पडण्यापेक्षा वाईट, कारण तापून तापून युरिया खराब होतो आणि अमोनियाचा वास सुटतो.

"आपल्याकडे थंडी कुठे, सॉफ्टवेअरमधून हीटरच बंद करून देतो," असंही कुणी सुचवेल. ते नको. प्रदूषण नियंत्रणाच्या यंत्रणेत केलेला तो फेरफार आहे, आणि तोच ट्रक जानेवारीत सफरचंदं आणायला काश्मीरला गेला तर टाकी गोठून बसू शकते.

युनिट बदलायचंच ठरलं, तर पैसे देण्याआधी जुन्या युनिटच्या पिनांवर मीटर लावून तुमच्यासमोर दाखवायला सांगा.