30 वॉटचं मोपा फायबर लेसर: आठ महिने वापरल्यानंतर

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं दहा बाय बाराचं दुकान आहे. पूर्वी सुईच्या मशीनवर भांड्यांवर नावं घालायचो. आता शिरोलीच्या फाउंड्रीवाल्यांचे पार्ट नंबर, हुपरीच्या चांदीवरची नावं आणि नक्षी, शिवाय लग्नसराईतली भांडी, सगळं या एकाच लेसर मशीनवर चालतं. घ्यायच्या आधी मी दिसेल त्याला एकच विचारत होतो, "किती वॉटचं घेऊ?" विकणाराही वॉटचंच बोलत होता. पल्स, म्हणजे प्रकाशाचा एकेक झटका, किती लांबीचा (किती वेळ टिकणारा) मिळतो, हे ना मी विचारलं ना त्यानं सांगितलं. मोपा, म्हणजे ही लांबी निवडता येणारं मशीन, घेतलं गेलं ते शेजारच्या डायवाल्यानं हट्ट धरला म्हणून.

हे लेसर सतत पेटलेलं नसतं. यटर्बियम मिसळलेल्या काचेच्या बारीक तंतूत डायोडचा प्रकाश सोडून ऊर्जा भरतात आणि ती 1064 नॅनोमीटरच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाच्या झटक्यांनी बाहेर काढतात. साधं, क्यू-स्विच म्हणतात ते मशीन म्हणजे आपलं राधानगरी धरण. पाणी भरेपर्यंत दारं बंद, भरलं की स्वयंचलित दरवाजे उघडणार आणि इकडे पंचगंगेला पाणी चढणार. त्या झटक्याची लांबी शंभरेक नॅनोसेकंद (एक नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग), आणि ती जवळपास ठरलेलीच. मोपात मात्र एक छोटा डायोड हव्या त्या लांबीचा झटका तयार करतो आणि पुढचा तंतू त्याला फक्त दमदार करतो. माझ्या मशीनवर 2 ते 500 नॅनोसेकंदांपर्यंत निवडता येतं.

30 वॉट म्हणजे जुन्या ट्यूबलाइटपेक्षाही कमी, मग धातू कसा उडतो? हिशेब असा: सेकंदाला 30,000 झटके धरले तर प्रत्येकाच्या वाट्याला 1 मिलिज्यूल येतो. तो 100 नॅनोसेकंदांत संपवला की तेवढ्यापुरती ताकद 10 किलोवॉट होते, आणि ती केसापेक्षा बारीक ठिपक्यावर पडते.

पहिल्याच महिन्यात हुपरीहून पैंजणांच्या पट्ट्या आल्या. पत्रा 0.2 मिलिमीटरचा. मी 200 नॅनोसेकंदांवर नक्षी भरायला लावली आणि चहाला गेलो. परत येतो तर पट्टीच्या कडा वर उचललेल्या. कारागीर हातात धरून म्हणाला, "मालक, पैंजणाचा पापड केलासा की!" चांदी पैसे न घेता बदलून द्यावी लागली. चांदी हा प्रकाश बहुतेक सगळा परत फेकते आणि जी धग आत जाते ती झपाट्यानं पसरवते. 200 नॅनोसेकंदांत उष्णता दहाएक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, पसरते. एका झटक्यानं काही बिघडत नाही, पण तसे हजारो एकापाठोपाठ पडले की पत्रा तापतच जातो.

मग पल्स 10 नॅनोसेकंदांवर आणला. आता मार्कच उमटेना! मशीनच खराब म्हणून विकणाऱ्याशी फोनवर भांडलो. चूक माझी होती. पल्स छोटा केला की त्यातली ऊर्जाही कमी होते, नाहीतर तेवढी ताकद बारीक तंतूला सोसवत नाही. पुरे 30 वॉट हवे तर झटक्यांची संख्या वाढवावी लागते, आणि मी अजून 30,000 वरच अडकलो होतो. संख्या कित्येक पटींनी वाढवली, किरण फिरवणाऱ्या आरशांचा वेग वाढवला, एकदम न भरता पाच-सहा हलके हात मारले. पट्टी सरळ राहिली. ही गोष्ट सोबतच्या पुस्तिकेत एका ओळीनं सांगितली असती तर माझे पंधरा दिवस वाचले असते.

सगळीकडे छोटा पल्सच बरा, असंही नाही. बिडाच्या कास्टिंगवर वरून रंग बसतो, तिथे नंबर खोल हवा, म्हणून 200 नॅनोसेकंदच लावतो. स्टीलच्या ताटावर काळं नाव हवं तर धातू उडवायचा नसतो, नुसता तापवायचा असतो. एकदा घाईत खोल भाजलं आणि महिनाभरात अक्षरांवर गंज आला. गिऱ्हाईक म्हणालं स्टील खोटं आहे. खोटं नव्हतं, गंज अडवणारा क्रोमियमचा थरच मी जाळला होता. आता फोकस जरा बाहेर ठेवून हलकंच तापवतो आणि नंतर सायट्रिक आम्लानं धुतो. गुजरीत सराफांकडे दागिन्यांना डाग द्यायला, म्हणजे सांधायला, जे लेसर असतं, त्याचे पल्स तर मिलिसेकंदांचे, कारण तिथे सोनं वितळायलाच हवं.

दुसऱ्या टोकाला पिकोसेकंद आणि फेमटोसेकंदांचे पल्स, नॅनोसेकंदाहून हजारपट आणि दहा लाखपट छोटे. एका सेकंदात जितके फेमटोसेकंद, तितके सेकंद मोजायला 3 कोटी वर्षांहून जास्त लागतील. इतक्या कमी वेळात ऊर्जा इलेक्ट्रॉनांपर्यंत पोहोचते, पण धग आजूबाजूला पसरायच्या आत पल्स संपलेला असतो. असा झटका थेट मोठा करायला गेलं तर मशीनच फुटेल, म्हणून तो आधी ताणतात, मग मोठा करतात, मग परत दाबतात. ही युक्ती 1985 ची, डोना स्ट्रिकलंड आणि जेरार्ड मुरू यांची. त्यासाठी त्यांना 2018 चं नोबेल मिळालं. स्टेंट कापायला आणि चष्म्याच्या ऑपरेशनमध्ये बुबुळाचा पातळ पापुद्रा उचलायला हेच वापरतात. मामेबहीण म्हणाली, तुझ्याच मशीनवर माझा नंबर घालव की. म्हटलं, तुझी बुबुळं बिडाची आहेत काय? भरतीची पोरंही टॅटू घालवायला दुकानात डोकावतात. डॉक्टरांच्या एका लेसरची तरंगलांबीही 1064 च आहे, पण म्हणून माझ्याकडे यायचं नसतं, बाबांनो.

तक्रार एकच, पण मोठी. सोबत आलेल्या हिरव्या चष्म्यावर ना तरंगलांबी छापलेली, ना संरक्षणाचा आकडा. हा प्रकाश दिसत नाही, त्यामुळे डोळा मिटायचं भानही राहत नाही, आणि चांदीवरून तो सरळ उलटा येतो. मी 1064 ला ओडी 6 लिहिलेला, म्हणजे दहा लाखांतला एकच भाग आत सोडणारा चष्मा वेगळा घेतला. धूर ओढणारा पंखाही वेगळाच घ्यावा लागला.

बाकी आठ महिन्यांत लेसरचा भाग एकदाही उघडावा लागला नाही. लेन्सखालची काच मात्र दर शनिवारी पुसतो. बिडाची काळी भुकटी तिच्यावर बसली की मार्क एका बाजूनं फिका पडतो. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा अर्धा दिवस मी सेटिंगच बदलत बसलो होतो.