मागचे स्पीकर: वायरवाले की वायरलेस?

हॉलमध्ये ५.१ (पाच स्पीकर आणि बेससाठी एक सबवूफर) लावताना खरी डोकेदुखी मागच्या दोन स्पीकरची. वायरवाले स्वस्तात होतात, आवाज तुटायची भानगड नाही, पण रिसीव्हरपासून (सगळे स्पीकर ज्याला जोडतात तो डबा) सोफ्यापर्यंत वायर न्यायची म्हणजे स्कर्टिंगवरून पट्टी मारत फिरा, त्यात दरवाजा आडवा आला की संपलंच. वायरलेस दिसायला मोकळं, पण नावच वायरलेस हो, बहुतेकांना मागे प्लग लागतोच, आणि साउंडबारचे (टीव्हीखालचा लांबट स्पीकर) मागचे स्पीकर तर सहसा त्याच कंपनीच्या बारला जोडले जातात, उद्या बार बदलला की हे पण गेले. भाड्याचं घर असेल तर मी वायरलेसच म्हणेन, स्वतःचं असेल आणि रंगकाम व्हायचंय तर आधीच भिंतीत वायरसाठी पाइप टाकून घ्या. जागा दोन्हीला तीच, सोफ्यावरून टीव्हीकडे जाणाऱ्या सरळ रेषेपासून दोन्ही बाजूंना ११० ते १२० अंशांवर, कानाच्या थोडं वर.