मध कोणता घ्यायचा: बाटलीतला, मेळघाटचा की बादलीवाल्याचा?

दिवाळी झाली की आमच्या घरी दोन गोष्टी सुरू होतात, खोकला आणि मध कुठला आणायचा यावरून भांडण. नवऱ्याला दुकानातली ब्रँडेड बाटली पाहिजे, सासूबाईंना मेळघाटचा रानमध, आणि मधूनच रस्त्याच्या कडेला बादलीत मोहोळ घेऊन बसलेला माणूस दिसला की दोघंही विरघळतात. तिन्ही वापरून झालेत आमचे, म्हणून सांगून राहिले.

बादलीवाल्याचं आधी उरकते. नका घेऊ. वर मोहोळाचा तुकडा ठेवला म्हणून खालचा पाक मध होत नाही ना बाप्पा! तो पाण्यात थेंब टाकून दाखवतो, मधात बुडवलेली काडी पेटवून दाखवतो, पण साखरेचा घट्ट पाकही तसाच तळाशी जाऊन बसतो. आम्ही आणलेल्याला चक्क काकवीचा वास होता.

आता खरी लढत, बाटली विरुद्ध रानमध. बाटलीचं कसं आहे, पाणी 20 टक्क्यांच्या आत ठेवावं लागतं म्हणून टिकतो, बॅच नंबर असतो, चव वर्षभर सारखी. पण 2020 मध्ये दिल्लीच्या सीएसई या पर्यावरण संस्थेने 13 ब्रँड तपासले तर जर्मनीतल्या लॅबच्या एनएमआर टेस्टमध्ये (पाकाची भेसळ बारकाईने पकडणारी तपासणी) त्यातले 10 नापास झाले, आणि त्यातले बरेचसे आपल्याकडच्या साध्या टेस्ट पास झालेले होते. कंपन्यांनी अर्थातच भेसळ नाही म्हटलं. मला त्यातून एवढंच कळलं की लॅबला चकवणारा पाक जर बनत असेल तर माझी काडीपेटी काय पकडणार.

रानमध बहुतेक आग्या माशीचा असतो, पातळ, काळपट, कधी कडवटसुद्धा, कारण जे फुललं त्याचा तो. मला चवीला हाच आवडतो. पण यात पाणी जास्त राहतं त्यामुळे फसफसतो, आमच्या बाटलीचं झाकण एप्रिलमध्ये आपोआप उडालं होतं. घेताना एकच विचारा, पोळं पिळून काढला का फक्त मधाचा भाग कापून. पिळला असेल तर अळ्यांचा रसही त्यात येतो, आणि अख्खं पोळं जातं ते वेगळंच. उत्तर देताना माणूस गडबडला तर पुढं चला.

उपयोगाचं म्हणाल तर खोकल्यात दोघांत काही फरक जाणवला नाही. झोपताना एक चमचा, घसा शांत होतो, मुलं झोपतात. हे आजीचंच आहे असं नाही, ब्रिटनमध्ये उपचारांचे नियम ठरवणाऱ्या नाइस संस्थेनेही 2018 मध्ये साध्या खोकल्याला अँटिबायोटिकच्या आधी मधच सांगितला. फक्त एक वर्षाच्या आतल्या बाळाला कुठलाच मध नको, बोटाने चाटवायलाही नको आणि गुटी उगाळायलाही नको. मधात बोट्युलिझम या विषबाधेच्या जंतूंची बीजं असू शकतात, मोठ्यांना पचतात, बाळाला नाही. यावरून मी सासूबाईंशी तीन दिवस बोलत नव्हते, पण ऐकलं त्यांनी.

वजन कमी करायला घेत असाल तर दुप्पट पैसे देऊन रानमध कशाला, कुठलाही घेतला तरी 100 ग्रॅमला 300 कॅलरी आहेतच. गंमत म्हणजे आयुर्वेद मध गरम करू नका म्हणतो, नवा मध तर वजन वाढवतो म्हणतो, आणि आपण सकाळी कढत पाण्यात ढवळून पिऊन राहिलो. शुगरवाल्यांनी तर "नैसर्गिक आहे" या बोलण्यात येऊच नये. भाजलेल्यावरही स्वयंपाकघरातला मध लावू नका, आधी वीस मिनिटं नळाखाली धरा, दवाखान्यात वापरतात तो मध निर्जंतुक केलेला असतो.

मग घ्यायचा कोणता? ओळखीचा माणूस मेळघाटात असेल तर रानमध, पण छोटी बाटली, उन्हाळ्याआधी संपेल एवढीच, मेमधल्या 45 डिग्रीत मधाचा रंगही काळपट होतो आणि चवही बिघडते. तसं कोणी नसेल तर खादी ग्रामोद्योग मंडळाचा मधुबन नावाचा मध बघा, नाहीतर साधी ब्रँडेड बाटली, खोकल्यापुरती पुरते.

आमच्याकडे सध्या दोन्ही आहेत. परवाच्या थंडीत नवऱ्याची बाटली जमून दगड झाली, खरा मधसुद्धा जमतोच, कोमट पाण्यात ठेव म्हटलं, पण तो सकाळपासून भेसळ भेसळ करून फेकायला निघालाय आणि सासूबाई काही न बोलता नुसत्या हसून राहिल्या.