फोनवर रोमन आकडे: कोर्टाच्या कामात काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

दिवाणी बाजूला वकिली करायची तर रोमन आकड्यांपासून सुटका नाही. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत कलमं साध्या आकड्यांत आहेत, पण पहिल्या अनुसूचीतल्या ऑर्डरी (म्हणजे रूल्सची प्रकरणं) रोमन आकड्यांत, एकपासून एक्कावन्नपर्यंत. बोलताना आम्ही सगळे ‘ऑर्डर सात रूल अकरा’ किंवा ‘ऑर्डर एकोणचाळीस’ असंच म्हणतो. कागदावर मात्र एकोणचाळीस म्हणजे एक्स-एक्स-एक्स-आय-एक्स. (अक्षरांची नावं इथं देवनागरीतच लिहिते आहे, म्हणजे कुठलं बटण ते नेमकं कळेल.) कॉम्प्युटरवर हे दोन सेकंदांचं काम. फोनवर मराठी कीबोर्ड उघडा असताना तेच काम विचारांची साखळी तोडतं.

ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांचं काम इथं आलं. तेव्हापासून आमच्या ऑफिसची धावपळ दोन ठिकाणी वाटली गेली. सीनियर सर बऱ्याचदा भाऊसिंगजी रोडला बेंचमध्ये असतात, मी बावड्याला जिल्हा न्यायालयात. मसुदा समोरासमोर बसून तपासायचे दिवस कमी झाले. पुकारा होईपर्यंत व्हरांड्यात बसून अर्जाचा मजकूर फोनवर करायचा, सरांना पाठवायचा, त्यांनी सुचवलेल्या दुरुस्त्या घालायच्या आणि टायपिस्टदादांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचा, हा आता रोजचा क्रम आहे. त्यामुळे रोमन आकडे टाइप करायच्या जेवढ्या पद्धती फोनवर सापडतात, त्या सगळ्या मी कामात वापरून पाहिल्या.

माझं मत आधीच सांगते. साधी इंग्रजी कॅपिटल अक्षरं वापरा, आणि ती दर वेळी टाइप न करता कीबोर्डच्या वैयक्तिक शब्दकोशातून आणा. बाकीच्या पद्धती दिसायला छान आहेत, पण कोर्टाच्या कागदाला त्या चालत नाहीत.

पहिली पद्धत सगळे वापरतात ती: भाषा बदलायची, शिफ्ट दोनदा दाबून कॅपिटल पक्कं करायचं, आकडा टाइप करायचा, परत मराठीवर यायचं. संहितेच्या एक्कावन्न ऑर्डरींना फक्त चार अक्षरं लागतात: आय, व्ही, एक्स आणि एल. पण ही चार बटणं कुठं आहेत ते पाहा. आय वरच्या ओळीत यू आणि ओ यांच्यामध्ये, एल मधल्या ओळीच्या उजव्या टोकाला, एक्स आणि व्ही खालच्या ओळीत, आणि त्या दोघांच्या मध्ये सी. अंगठा जरा सरकला की व्हीच्या जागी सी पडतो. आयच्या जागी ओ पडला तर चूक लगेच दिसते, कारण रोमन आकड्यांत ओ नाहीच. सी मात्र रोमन आकड्यांतलं खरं अक्षर आहे, शंभराचं. एक्स-व्ही म्हणजे पंधरा, एक्स-सी म्हणजे नव्वद. दोन्ही आकडे बरोबर दिसतात, कीबोर्ड लाल रेघ ओढत नाही, आणि नव्वदावी ऑर्डर अस्तित्वातच नाही हे लक्षात येण्यासाठी वाचणारा जागा असावा लागतो.

अक्षरांची अदलाबदल त्याहून वाईट. आय-एक्स म्हणजे ऑर्डर नऊ, पक्षकारांची हजेरी-गैरहजेरी. एकतर्फा हुकूमनामा रद्द करून घ्यायचा अर्ज तिच्याच रूल तेराखाली. एक्स-आय म्हणजे ऑर्डर अकरा, कागदपत्रांचा शोध आणि तपासणी. सदतीस, अडतीस, एकोणचाळीस हे तीन शेजारी तर फारच जपून हाताळावे लागतात: समरी दावा, निकालाआधीची जप्ती आणि तात्पुरती मनाई. यातला अडतीस हा सगळ्या ऑर्डरींत लांब आकडा, सात अक्षरांचा. घाईत त्यातला एक आय गळला की तो सदतीस होतो. म्हणजे मागायची जप्ती आणि शीर्षकात समरी दावा.

मराठी कीबोर्डचे जे प्रकार इंग्रजी अक्षरांवरून देवनागरी बनवतात, त्यांच्यावर दुसरीच अडचण. व्ही-आय टाइप केलं की कीबोर्डवरच्या सूचनांच्या पट्टीवर ‘वि’ येतं, डी-आय केलं की ‘दि’. कीबोर्ड त्याचं काम चोख करतो आहे. आपल्याला आकडा हवा आहे हे त्याला कळायला मार्ग नाही.

भाषा बदलायचा कंटाळा म्हणून आमच्यातले बरेच जण एक युक्ती करतात, आणि ती मी सगळ्यांना सोडायला सांगते. मराठी कीबोर्डवरचा दंड एकदा दाबला की झाला एक, दुहेरी दंड म्हणजे दोन, दोन्ही मिळून तीन. पडद्यावर हुबेहूब रोमन तीन दिसतो. पण तो आकडा नाही, ओवीच्या शेवटी येणारं विरामचिन्ह आहे. पीडीएफमध्ये ऑर्डर तीन शोधायला गेलात तर सापडत नाही. तोच प्रकार छोट्या एलचा. साध्या, बिनटोकाच्या फॉन्टांत कॅपिटल आय, छोटा एल आणि उभी रेघ यांत डोळ्यांना फरक दिसत नाही, मशिनला मात्र ती तीन वेगळी अक्षरं आहेत. ई-फायलिंगसाठी शोधता येईल अशी पीडीएफ करायची आणि आत आकडेच खोटे ठेवायचे, याला अर्थ नाही.

आता एकाच चिन्हात अख्खा आकडा देणाऱ्या पद्धतीबद्दल. यावर जरा सविस्तर लिहिते, कारण ज्युनियर मंडळींना तिचंच आकर्षण जास्त. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या संगणकीय पद्धतीत, रोमन आकड्यांसाठी खरोखरच वेगळी चिन्हं आहेत. यू+२१६० या क्रमांकापासून पुढं एक ते बारा हे आकडे प्रत्येकी एका चिन्हात मिळतात, मग पन्नास, शंभर, पाचशे, हजार, आणि हाच सगळा संच पुन्हा छोट्या अक्षरांत. पूर्व आशियाई भाषांच्या जुन्या संगणकीय अक्षरसंचांत ती होती, त्या मजकुराशी मेळ राहावा म्हणून युनिकोडनं ती घेतली. एरवी रोमन आकडे साध्या लॅटिन अक्षरांनीच लिहावेत असा युनिकोडचा स्वतःचाच सल्ला आहे. चिन्हांच्या अ‍ॅपमधून किंवा कुठून तरी कॉपी करून ही आणता येतात, आणि आठ हा आकडा एका चिन्हात नीट बसलेला बघून बरंही वाटतं.

अडचणी नंतर सुरू होतात. एक चिन्ह बारापर्यंतच आहे. तेराला दहाचं आणि तीनचं चिन्ह जोडावं लागतं, एकोणचाळीसला तीन दहा आणि एक नऊ. फॉन्टमध्ये ही चिन्हं नसली की फोन ती दुसऱ्या फॉन्टमधून उसनी आणतो. मग ‘ऑर्डर’ एका जाडीची आणि आकडा दुसऱ्या. कॉम्प्युटरवर उघडल्यावर काही ठिकाणी चौकोन दिसतात. आणि शोध: काही प्रोग्रॅम हे चिन्ह आणि साधी अक्षरं एकच मानतात, काही मानत नाहीत. तुमची फाइल पुढं कोण कशात उघडणार हे तुमच्या हातात नसतं. म्हणून लग्नपत्रिकेला ही चिन्हं वापरा, वादपत्राला नको.

बोलून टाइप करणं मराठी मजकुरासाठी मला मनापासून आवडतं. कैफियतीतले लांब परिच्छेद मी तसेच करते. पण ‘ऑर्डर थर्टी नाइन’ म्हटलं की साधा ३९ येतो. रोमन येत नाही, आणि त्यासाठी अक्षरं एकेक करून उच्चारण्यात वेळ घालवू नये.

राहिली शब्दकोशाची पद्धत, जी मी आता रोज वापरते. अँड्रॉइडच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये वैयक्तिक शब्दकोश असतो. त्यात एका बाजूला पूर्ण मजकूर, दुसऱ्या बाजूला शॉर्टकट. बहुतेकांना हे माहीत असतं, पण ते शॉर्टकट इंग्रजी शब्दकोशात घालतात, त्यामुळे भाषा बदलायचं काम उरतंच. शब्दकोश भाषेप्रमाणे वेगळा असतो. मराठीच्या शब्दकोशात जा आणि शॉर्टकट देवनागरीत द्या. माझा ‘ओमना’ म्हणजे एकोणचाळिसावी ऑर्डर, रूल एक आणि दोनसकट, अगदी निशाणी ५ च्या, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या, अर्जाच्या शीर्षकात बसेल अशी. ‘ओवार’ म्हणजे बावीस, मयत पक्षकाराचे वारस रेकॉर्डवर घेण्यासाठी. ‘ओदुरु’ म्हणजे दुरुस्तीची सहा रूल सतरा, ‘ओदर’ म्हणजे दरखास्तीची (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीची) एकवीस, ‘ओकमि’ म्हणजे कोर्ट कमिशनची सव्वीस, ‘ओतड’ म्हणजे तडजोडीची तेवीस रूल तीन. मराठीत टाइप करता करता ‘ओमना’ लिहिलं की वरच्या पट्टीवर पूर्ण संदर्भ येतो, बोट लावलं की उतरतो. कीबोर्ड बदलायचा नाही, शिफ्ट नाही, सी आणि व्हीची अदलाबदल नाही. आकडा शब्दकोशात घालताना एकदाच संहितेच्या छापील प्रतीवरून ताडून घेतला की पुढं प्रत्येक अर्जात तोच बरोबर आकडा जातो. माझ्या लेखी वेळ वाचण्यापेक्षा हा फायदा मोठा.

शॉर्टकटमध्ये मोकळी जागा सोडू नका आणि रोजचा शब्द शॉर्टकट म्हणून घेऊ नका. ‘मनाई’ असा ठेवला तर साध्या वाक्यातही तो पट्टीवर येऊन बसतो. आयफोनवर याच सोयीला टेक्स्ट रिप्लेसमेंट म्हणतात, जनरलमधल्या कीबोर्डच्या सेटिंगमध्ये. तिथं स्पेस दिली की मजकूर आपोआप बदलतो, त्यामुळे तिथं तर वेगळा, कुठल्याही शब्दाशी न जुळणारा शॉर्टकट हवाच.

छोट्या अक्षरांतल्या रोमन आकड्यांना मात्र अजून पूर्ण उपाय मिळालेला नाही. पोटखंड कंसातल्या छोट्या आयनं लिहितात. इंग्रजी कीबोर्ड एकट्या छोट्या आयला ‘मी’ हा शब्द समजतो आणि लगेच कॅपिटल करतो. कायद्याच्या मसुद्यात छोटा आणि मोठा आय हे दोन वेगळे स्तर असू शकतात, त्यामुळे ‘चालतंय की’ म्हणून सोडून देता येत नाही. ऑटो-करेक्ट बंद करणं हा उपाय आहे, पण मग इंग्रजी मजकुराच्या इतर चुका वाढतात. सध्या मी बदल झाल्या झाल्या बॅकस्पेस दाबते; माझ्या कीबोर्डवर त्यानं मूळ अक्षर परत येतं.

टायपिस्टकडे पाठवणाऱ्यांसाठी एक फार महत्त्वाची गोष्ट. कोर्टाबाहेर अजून कितीतरी ठिकाणी मराठी मजकूर युनिकोडपूर्व फॉन्टांत होतो. त्या फॉन्टांत लॅटिन अक्षरांच्या जागीच देवनागरीचे आकार बसवलेले असतात. तुम्ही फोनवरून पाठवलेला एक्स तिथं पेस्ट झाला की एक्स राहत नाही, त्याच्या जागी कुठला तरी मराठी तुकडा दिसतो. आमचे टायपिस्टदादा अनुभवी, त्यांनी मला पहिल्यांदाच सांगितलं, “मॅडम, आकडा तुमचा बरोबर आहे ओ, फक्त तेवढ्याला मला फॉन्ट बदलावा लागतोय.” तेव्हापासून मी निरोपाच्या शेवटी प्रत्येक ऑर्डर साध्या देवनागरी आकड्यातही लिहून देते. ते छापलेला कागद त्या यादीवरून तपासतात आणि मी सही करण्याआधी पुन्हा तपासते.

फाइलींच्या नावांत रोमन आकडे घालूच नयेत. फोन नावं अक्षरांच्या क्रमानं लावतो, म्हणून चारच्या पुढं नऊ येतो आणि त्यानंतर पाच. मी नावात ०५, ०९, ३९ असे दोन अंकी आकडे ठेवते.

शेजारी एक निवृत्त इतिहास शिक्षक राहतात, त्यांनाही मी हा शब्दकोश लावून दिला. ते करवीरच्या छत्रपतींवर टिपणं काढतात. १८७० साली फ्लॉरेन्समध्ये निधन झालेले राजाराम महाराज आणि १९२२ ते १९४० या काळात गादीवर असलेले राजाराम महाराज, या दोघांपुढचा क्रमांक पुस्तकागणिक बदलतो. करवीर गादीपुरतं मोजलं की एक आणि दोन, शिवछत्रपतींचे चिरंजीव राजाराम महाराज धरून मोजलं की दोन आणि तीन. या शिक्षकांनी शॉर्टकटमध्ये रोमन क्रमांकाबरोबर कारकिर्दीची सालंही बसवली, आणि ही त्यांची कल्पना मला इतकी पटली की माझ्या ‘ओमना’मध्ये मी आता आकड्यापुढं ‘तात्पुरती मनाई’ हे शब्दही घातले आहेत. सीनियर सर बेंचमधून फोनवर मसुदा वाचतात, तेव्हा आकडा आणि विषय एकमेकांशी जुळतात का हे त्यांना एका नजरेत कळतं.

फोन बदलताना हा शब्दकोश आपोआप सोबत येईलच असं धरू नका. माझी सगळी यादी मी स्वतःलाच ईमेल करून ठेवली आहे, आणि नवा शॉर्टकट केला की त्यातही भर घालते. ऑर्डर एक्केचाळीस आणि त्रेचाळीस, म्हणजे अपिलांच्या, अजून घालायच्या राहिल्या आहेत. बेंचचं काम वाढतंय तशी त्यांची गरज रोज पडते आहे.